तीन मजल्यांचं भाडं

प्रिय ताई,

आधी बातमी सांगते, कारण ती पोटात ठेवून खुशाली विचारत बसले तर अक्षर बिघडेल. मी व्यायामाला जाते. जिममध्ये. तू आत्ता चष्मा काढून, पुसून पुन्हा लावला असशील. लाव, वाक्य तेच राहणार. उकाडा सुरू व्हायच्या आधी नाव घातलं, आता स्वेटर बाहेर आले, आणि मी अजून जातेय. हे फोनवर न सांगता पत्रात का, तर फोनवर तू मला मधेच तोडतेस. कागदाला तोडता येत नाही. फाडता येतं, पण तेही वाचून झाल्यावर.

जगाला सांगितलेलं कारण गुडघे. गुडघ्यांवर कुणी शंका घेत नाही, आमच्या वयाला ते शोभतात. आमच्या ह्यांनाही सुरुवातीला तेच सांगितलं. पहिल्या दिवशी ट्रॅक पँट घालून समोर उभी राहिले, तर विभक्ती चुकलेल्या नामासारखी दिसत होते. छान दिसतेस, म्हणाले, आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

इकडचं सगळं तसंच आहे. आई तिसऱ्या मजल्यावर, तू जमिनीवर, आणि मधे लिफ्ट नसलेला जिना. लिफ्टवर सोसायटीच्या सभेत दर वर्षी इतकी गहन चर्चा होते की तिचा मोक्ष ह्या जन्मी दिसत नाही. आईचा खुबा डॉक्टरांनी खिळे घालून बसवलाय. घरातल्या घरात काठी टेकत वावरते, पण खाली न्यायचं नावही काढू नका, उचलून तर नाहीच, असं त्यांनी बजावलंय. आणि तुझे पाय त्या आजारपणानंतर कामावर रुजूच झाले नाहीत. मागच्या खेपेला चौघांनी तुला खुर्चीत बसवून वर आणलं. दर मजल्यावर खुर्ची टेकवून घाम पुसला, दारं किलकिली झाली, आणि त्यातला एक जण म्हणाला की सोफ्यापेक्षा ह्या बऱ्या, कोपरे नाहीत. सगळे हसले. तूही हसलीस. मग जाताना, गाडीचं दार लावून घेतल्यावर काच खाली करून म्हणालीस, आता मी येणार नाही, मी सामान नाही. तेव्हापासून आली नाहीस. आई रोज विचारते, कधी येतेय? मी रोज सांगते, बघू.

तर जिम. आत सगळीकडे आरसे. ज्या वयात आरशाशी कामापुरतीच ओळख ठेवावी, त्या वयात चारी बाजूंनी स्वतःचं दर्शन. गाणी अशी लावतात की शेजारचा बेशुद्ध पडला तरी तालात पडेल. पहिल्याच दिवशी माझ्याच वर्गातली, मागच्या बाकावर झोपणारी मुलगी भेटली. गुड मॉर्निंग मॅडम, म्हणाली. मला दोन्ही हातांनी जे हलत नव्हतं ते तिच्या एका हातात होतं. शिकवणारी बाई, बाई कसली, पोरगीच, तिच्या भाषेत आज्ञार्थाशिवाय दुसरा अर्थ नाही. वाका. उठा. श्वास सोडा. सोडलेला श्वास परत घ्यायला ती सांगत नाही, तो आपण आपल्या जबाबदारीवर घ्यायचा. मी तिचं नाव आज्ञाबाई ठेवलंय. तिने विचारलं, तुम्हाला हवंय काय? बाकीच्या बायकांना म्हणे वजन कमी करायचं असतं. मी म्हटलं, जिना चढायचाय. दम लागतो? एकटीने चढताना नाही लागत, म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, बैठका मारा.

मारल्या. उत्साहाच्या भरात सगळ्या यंत्रांना नमस्कार करून आले. दुसऱ्या दिवशी वर्गात हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून सबंध धडा फळ्याच्या तळाशी लिहून काढला. पुढची मुलं माना वाकवून, मागची उभी राहून वाचत होती. एवढ्या वर्षांत वर्गात प्रथमच विनय दिसला म्हणून मी क्षणभर भारावले. घरी आल्यावर जिना उलटा, पाठमोरा चढले, कारण पोटऱ्यांना तोच एक मार्ग मान्य होता.

मग सबबींचे दिवस आले. वादविवाद स्पर्धांसाठी मुलं तयार करण्यात आयुष्य गेलेल्या बाईला सबबी कमी पडत नाहीत. आज शिंक आली, आज पेपर तपासायचे, आज आभाळ आलंय. पहाटे गजर झाला की मी पूर्वपक्ष मांडायचे, उत्तरपक्षाला झोप अनावर व्हायची, आणि मी जिंकून पांघरुणात परत जायचे. एका सकाळी अशीच जिंकून पडले होते. पलीकडच्या खोलीत आई तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. तिने फोन नेहमीसारखा कपाळाला लावला होता, आणि तू तुझा बहुतेक मांडीवर ठेवला असशील, कारण मी डोकावले तेव्हा पडद्यावर फक्त तुझ्या खोलीतला पंखा फिरत होता. आईने फोन जरा लांब धरला, डोळे बारीक केले, आणि त्या पंख्याला म्हणाली, किती वाळलीस गं.

मी उठले आणि बूट घातले. त्यानंतर सबब सुचली नाही असं नाही, पण ती ऐकून घ्यायला थांबले नाही.

काट्याने मात्र दगा दिला. इतक्या दिवसांच्या तपश्चर्येनंतर त्यावर उभी राहिले, तर वजन वाढलेलं. आज्ञाबाईला म्हटलं, हा कुठला न्याय? ती म्हणाली, मॅडम, तुम्हाला कमी व्हायचंय की उचलायचंय, एक काय ते ठरवा. मग तिला खरं कारण सांगितलं. तिने यंत्रं सोडायला लावली आणि म्हणाली, पाठीवर पिशवी घ्या नि जिने चढा. मी घरातल्या सर्वांत जड वस्तू घेतल्या, म्हणजे शब्दकोश. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना वाटलं मी घर सोडून चाललेय. रोज चाललेय आणि रोज परत येतेय हे बघून त्यांनी शेवटी ह्यांना बाजूला घेऊन समजूत घातली, जाऊ द्या हो, येते ना संध्याकाळी परत. आई म्हणाली, जन्मभर डोक्यात होतं, आता पाठीवर आलं, आणखी काय.

पाठीवर ओझं घेतलं की मला आपली शाळेची वाट आठवते. माझा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि तू मला पाठुंगळीला घेऊन रोज नेत होतीस. फुकट नव्हे. परीक्षा तुझी जवळ आली होती, म्हणून भाडं ठरलं होतं, मी तुझ्या कानात संस्कृतचे शब्द चालवायचे, प्रथमेपासून संबोधनापर्यंत. मोठ्यांच्या पुस्तकातली रूपं मी धाकटी असून पाठ केली, कारण चुकले की तू खाली उतरवायचीस आणि मी एका पायावर बगळ्यासारखी उभी राहायचे. 'नदी' शब्द तुला कधी पार करता आला नाही. पंचमीपाशी बुडायचीस. तू जेमतेम पास झालीस आणि मी जन्माची संस्कृतची मास्तरीण. लोक मला विचारतात, ह्या विषयाची गोडी कुठे लागली? आता कुणाला सांगू, तुझ्या डाव्या खांद्यावर.

तर आता मुद्दा. परवाच्या रविवारी परीक्षा झाली. तुझं वजन भाऊजींकडून काढून घेतलं, त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना मी गुडघ्यांचंच सांगितलं होतं आणि ते बिचारे संबंध शोधत बसले. आज्ञाबाई तुझ्याएवढीच भरते. तुझे पाय माझ्या कमरेला धरून राहणार नाहीत, म्हणून तिने रुंद कापडी पट्टा शिवून घेतलाय. तो बांधून, तिला पाठीवर घेऊन, मी खालून निघाले. मागून आमचे हे, दोन्ही हात पसरून, वरून आंबा पडणार असल्यासारखे. एकाही मजल्यावर टेकवलं नाही ताई. दुसऱ्या मजल्यावर श्वास सोडला, आणि माझा मीच परत घेतला. वर आई दारात खुर्ची टाकून बसली होती. मी घामाने निथळत उभी, आणि आई पाठीवरच्या पोरीला म्हणते, दमलीस का गं, बस, पाणी घे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, हिला सोड घरी, आणि माझी थोरली घेऊन ये.

ये. येत्या रविवारी ये. चौघं नाहीत, खुर्ची नाही, कुणाची दारं किलकिली झाली तर झाली. धाकट्या बहिणीच्या पाठीवर बसलेल्या बाईला कुणी सामान म्हणत नाही. भाडं जुनंच आहे. पहिल्या पायरीपासून 'नदी' चालवायची, माझ्या कानात, मोठ्याने. पंचमीला अडलीस तरी उतरवणार नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावीन. हळूहळू म्हण. मला अजिबात घाई नाही, आणि आईने आजपासूनच दार उघडं ठेवलंय.

तुझीच,
पूर्वीचं ओझं, हल्लीचं वाहन