कोपऱ्यातली शेणी

कोल्हापूर. ज्येष्ठ वद्य ४, शके १८३०. संध्याकाळ.

आज माझ्या जिभेला हाड नव्हतं.

सज्ज्यात जागा हातभर. तिथं दोडक्याचा वेल चढवायचा म्हणून नारळाच्या करवंट्या साठवल्या, भोकं पाडली, माती भरली. फुकटात कुंड्या झाल्या म्हणून मीच खुशीत. कचेरीतून आलो तर बायको करवंट्या मांडून बसलेली. म्हणाली, "कोपऱ्यातली शेणी कुठं गेली ओ?"

"सकाळी न्हाणीच्या चुलीत घातली," मी म्हणालो. "झकास पेटली. असल्या आणखी आण की माहेराहून."

तिनं हातातली करवंटी खाली ठेवली. मग म्हणाली, "त्यात दोडक्याचं बी हुतं. आईनं थापल्यालं."

कीड लागू नये म्हणून बी शेणात थापून ठेवतात, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. लहानपणी घरीच पाहिलेलं. मग हात का नाही थांबला? सासूबाई चैत्रात वारल्या. माहेरी बावड्याला जाऊन परत येताना हिनं एवढी एकच वस्तू आणली, पदराखाली धरून. तेव्हाही मी हसलो, पेठेत शेण्या मिळत नाहीत काय म्हणून. शेणीवर पाच बोटं उमटलेली होती. चुलीत सारताना दिसली मला ती बोटं.

"उद्या बाजारातनं बी आणतो," म्हटलं.

"आणा की," म्हणाली, आणि करवंट्या एकात एक घालून ठेवून दिल्या. चिडली असती तर बरं झालं असतं.

आणखी आण, म्हणालो मी. माहेराहून.