कबरीवरचं पाणी

नीउ-व्हेनेप, नेदरलँड्स,
७ डिसेंबर २०२४

ती. सुनेत्राताई,

नमस्कार. मे महिन्यापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. इथे सगळं ठीक. साडेचारला अंधारतं. राजस नायमेखनहून एकाआड एक शनिवारी येतो. मी मराठीत विचारते, तो डचमध्ये उत्तर देतो आणि कपडे मशीनमध्ये टाकतो. तुमचा गुडघा कसा आहे?

नोव्हेंबरात मी इजिप्तला जाऊन आले. शैलेंद्रनं आम्हा दोघांचं बुकिंग करून ठेवलं होतं. एप्रिलमध्ये तो गेला, तरी मी ते रद्द केलं नाही. फिलेच्या देवळाबद्दल त्यानं तुम्हालाही ऐकवलं असेल. धरणाच्या पाण्यातलं देऊळ, हजारो तुकडे, प्रत्येकावर नंबर, शेजारच्या उंच बेटावर पुन्हा उभं केलेलं. मी ते पाहिलं. जवळ गेलं की सांधे दिसतात.

आस्वानची सहल एका दिवसाची होती. बाराजण, बहुतेक निवृत्त डच. गाइड यासिन, तिथल्याच नाइलकाठच्या नुबियन लोकांतला, पस्तिशीचा. बोटीत चढताना यादी बघून म्हणाला, "मॅडम, इथे दोन नावं आहेत. साहेब अजून नाश्त्यालाच बसलेत का?"

सगळे हसले.

मी म्हटलं, "तो घरी आहे."

"मग त्यांच्या वाटचं जेवण तुम्हालाच संपवावं लागणार. आमच्याकडे परत घेत नाहीत."

देवळानंतर त्यानं आम्हाला मोठ्या धरणावर नेलं. एका बाजूला नुसतं पाणी, क्षितिजापर्यंत. त्यानं दक्षिणेकडे बोट दाखवलं. "देवळं वाचवायला सगळं जग धावलं. माझ्या आजीचं गाव त्या तिकडे, खाली आहे." गाव सोडायच्या दिवशी आजी घागर घेऊन कबरस्तानात गेली. आईच्या कबरीवर पाणी ओतलं. मग आगबोटीत चढली.

मी विचारलं, "नंतर रडायची का?"

"रोज. पण म्हणायची, पाणी घालून आले म्हणून झोप तरी लागते."

दुपारी तो आम्हाला नुबियन वस्तीतल्या एका घरी घेऊन गेला. निळ्या भिंती, अंगणात वाळू. तिथल्या बाईंनी माझ्यापुढे चहाचे दोन पेले ठेवले. यासिननं सांगून ठेवलं होतं, साहेबांचाही द्या म्हणून. थट्टाच होती. मी दोन्ही प्यायले.

ताई, आता लिहिते.

इथल्या नियमानं अस्थी महिनाभर मिळत नाहीत. दहाव्याला तुम्ही रामकुंडावर गुरुजींना सांगून ठेवलं होतं आणि मी रिकाम्या हाती होते. पुढे मिळाल्या, तेव्हा तुम्ही विचारलंत, "कधी आणतेस?" मी म्हटलं, इथेच समुद्रात सोडल्या. तुम्ही म्हणालात, "माझा भाऊ होता तो, मंजू. पार्सल नव्हे. मला हात तरी लावू द्यायचा होतास." आणि फोन ठेवलात.

समुद्रात मी काही सोडलेलं नाही. तो कपाटात आहे, त्याच्या स्वेटरांच्या मागे. सकाळी निघताना मी सांगून जाते, आल्यावर आले म्हणते. तुमच्याकडे आणलं असतं तर पाण्यात सोडावं लागलं असतं, आणि मग या घरात सांगायला कुणी उरलं नसतं. एवढाच विचार केला. त्यात तुम्हीही दुरावाल, हे सुचलं नाही.

राजसला पहिल्यापासून माहीत होतं. गेल्या शनिवारी थंडी वाजते म्हणून बाबाचा स्वेटर काढत होता. पाठमोराच, मराठीत म्हणाला, "आत्याला सांग ना."

कागदपत्रं झाली आहेत. १९ जानेवारीला संध्याकाळपर्यंत नाशिकला पोचेन. दुसऱ्या दिवशी रामकुंडावर कलश तुम्हीच धरा. मी मागे उभी राहीन. मला घरात घ्यावंसं वाटलं नाही तर मी लॉजवर उतरेन, तसं कळवा. पण त्या रात्री त्याला तुमच्याकडे राहू द्या.

येताना दोघं असू.

मंजूषा