माळावरची पाटी

१२ नोव्हेंबर १९९८

श्रीधरभावोजी सकाळीच हजर. ह्यांच्या वर्षश्राद्धाला विश्रांतवाडीपलीकडच्या माळावर संगमरवरी पाटी बसवायची म्हणतात. अठरा वर्षं दर रविवारी सायकलला पाण्याचे डबे बांधून ह्यांनी तिथली झाडं जगवली, तेव्हा नाव हवंच. ‘श्रीनिवास वन’ – परस्पर ठरवूनसुद्धा टाकलं! म्हटलं, थांबा. तीस वर्षं मराठी शिकवलंय, शब्द मी देईन. “वहिनी, कीस पाडू नका. मंगळवारपर्यंत सांगा.”

१३ नोव्हेंबर

वन नको. वन म्हटलं की एखादा ऋषी लागतो, नाहीतर राक्षस. ह्यांची नोकरी पोस्टात.

राई देवाची असते. कुणी न लावलेली, आणि वाळकी काडीही उचलायची नाही. ही तर एकेक खड्डा खणून लावलेली. बन एका जातीचं – केतकीचं, बोरीचं. अरण्यात वाट चुकावी लागते. इथे आळंदी रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात. उरली झाडी. पण संगमरवरावर ‘झाडी’ कोरायची?

१४ नोव्हेंबर

ह्यांचा खण आवरला. तीन पेनं, पोस्टाचा बिल्ला, कानाचं यंत्र. यंत्र कुणाला तरी देऊन टाकीन. ह्यांनी ते धड वापरलंच नाही.

एकसष्ट साल आठवत बसले. लग्नाला दोन महिने झालेले. सदाशिव पेठेत दोन खोल्या, माणसं सात. देवळात जातो सांगून ह्यांनी डबलसीट थेट माळावर नेलं. तेव्हा झाड एक नव्हतं. कमरेएवढं पिवळं गवत आणि वर आभाळ. हे उताणे पडून, गवतातून उडून उंच गाणारा चंडोल ऐकत होते. “शोधू नकोस, दिसत नाही तो. नुसतं ऐक.” इतकं मोकळं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी माझ्या साडीला चिकटलेली कुसळं पाहिली. “देवळात गवत बरंच वाढलंय,” एवढंच म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर, रविवार

रिक्षा करून माळावर गेले. गिरिपुष्प, निलगिरी – झाडं चांगली उंच झालीत. सावलीत पाचोळा, बाकी काही नाही. गेनबा भेटले. पूर्वी इथे मेंढरं चारायचे, आता नुसते बसायला येतात. विचारलं, तुमच्याकडे अशा जागेला काय म्हणतात?

त्यांनी पायाने पाचोळा सारला. मग म्हणाले, “ओसाड.”

मला राग आला. ओसाड आधी होतं! झाडं लावायच्या पहिल्या पत्रकात मीच लिहिलं होतं – ‘ओसाड माळ हिरवा करू या’.

“न्हाय बाई. तवा माळ हुता. गवात हुतं, ससं हुतं, तितर हुतं, मेंढरं हुती. सावली आली, गवात गेलं. ह्या पाल्याला शेरडू तोंड लावत न्हाय. आता हितं काय हाय?”

मग तेव्हा का नाही बोललात?

“सायेब उन्हातनं पानी आनायचं. कसं म्हनायचं तोंडावर?”

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. परत आले.

१७ नोव्हेंबर

भावोजींचा फोन. शब्द ठरला का? नाही म्हटलं.

१८ नोव्हेंबर

यंत्र द्यायला काढलं, आणि हातातच राहिलं.

शेवटची चार वर्षं हे माळावरून आले की म्हणायचे, “चंडोल ऐकू येत नाही गं. एकसुद्धा.” मी हे यंत्र आणवलं. तरी येईना, म्हणून दोनदा बदलून घेतलं, वर मीच बोलले – लावायचा आळस, दुसरं काय! ह्यांनी वाद घातला नाही.

चंडोल नव्हतेच तिथे. कान चांगले होते. कुकरच्या शिट्ट्या ह्यांनी एकदाही चुकीच्या मोजल्या नाहीत.