अण्णांची पलटण सारखी हरते

ता. ४ जून

चि. धाकट्यास ताईचे अ. उ. आ. वि. वि.

घरी सगळं ठीक. म्हणजे अण्णा ठीक आहेत, मी नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहायला आल्यात. दर रविवारी दुपारी त्या अण्णांशी लढाई खेळायला येतात. तेच आपलं टेबल, पुठ्ठ्याचे डोंगर, मधोमध किल्ला, बोटाएवढे शिशाचे शिपाई. फासे टाकायचे, पट्टीने मोजून फौज सरकवायची. किल्ल्यावर चालून आलेले गोरे लाल डगलेवाले अण्णांचे, किल्लेदाराची माणसं बाईंची. अण्णा आजवर कुणाला हार गेले नव्हते. आता ओळीने हरताहेत, आणि चेहरा कसा, तर बक्षीस मिळाल्यासारखा! बाईंचे यजमान गेल्याच वर्षी वारले. बोलणं भारी गोड. कुठेतरी पाणी मुरतंय. तुझं मत कळव. दाढी केलीस का? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

दाढी आहे तशी आहे. लहानपणी मी रडून घर डोक्यावर घेतलं, तरी अण्णांनी मला एक डाव सोडला नाही. तो माणूस आपणहून हरेल? नाव सोड. बाईंचे फासे तपास. घराबद्दल काही विचारतात का, तेही बघ. केसाने गळा कापणारे मी ऑफिसात रोज पाहतो. रविवारी काहीतरी निमित्त काढून तिथेच थांब. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा

ता. २३ जून

चि. धाकट्यास अ. उ. आ.

दाराशी इस्त्री करत उभी राहिले. फासे चोख आहेत. लबाडी अण्णाच करतात! बाई पाणी प्यायला आत गेल्या, तेवढ्यात त्यांनी स्वतःचीच तोफ हळूच दलदलीत ढकलली. मी पाहिलं, आणि परत येताना बाईंनीही. त्या म्हणाल्या, नवरा गेल्यापासून जो तो कीव करतो. इथे तरी कुणी बरोबरीने लढतंय असं वाटलं होतं. ताडकन निघूनच गेल्या. अण्णा जेवले नाहीत, शिपाई खोक्यात भरत बसले. असं का केलंत विचारलं, तर म्हणाले, जिंकली की ती हसते. ‘ती’ म्हणाले रे, ‘त्या’ नाही! मी वर जाऊन बाईंना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. काय करू, कळव. जिवाला जप.

ताई

ता. १० जुलै

चि. धाकट्यास अण्णांचे अ. उ. आ. वि. वि.

तुमचा पत्रव्यवहार ताईने मला वाचायला दिला. फासे तपासा काय! तुझा संशय मात्र अगदीच वाया गेला नाही. मनात काहीतरी होतं खरं, पण ते बाईंच्या नाही, माझ्या. मागच्या रविवारी बाई आपणहून आल्या. दयामाया नको, असं बजावून बसल्या. मी किल्ला घेतला. त्या अशा चिडल्या की तिथल्या तिथे दुसरा डाव मांडायला लावला. तेव्हा मी विचारून टाकलं, पुढचं आयुष्य सोबत काढाल का म्हणून. त्या म्हणाल्या, आधी तुम्हाला खरोखरीचं हरवीन, मग उत्तर देईन.

आता रोज डाव होतो. मी सगळं कसब लावून लढतो, जिंकतो आणि तोंड कडू होतं. ताई म्हणते, जरा ढील द्या. देणार नाही, शब्द दिलाय. काल मात्र त्यांनी शेवटच्या फाशापर्यंत किल्ल्याचा दरवाजा राखला, मी कसाबसा जिंकलो. तुझं म्हणणं आडपडदा न ठेवता लिही, आणि रजा आत्ताच मागून ठेव. बापावर लोभ आहे तो असू दे.

अण्णा