चाळीस फुटांचा तुकडा

दिघोरी, १० सप्टेंबर १९७८

प्रिय खुशालभाऊजींस,
सौ. सत्यवतीचा नमस्कार, वि. वि.

तुम्ही पुण्याला पोचलात, पण तुमच्या पिक्चरचं इथलं शूटिंग लोकांच्या तोंडी काही संपून नाही राहिलं. तुम्ही जिचा रोवणा काढला ती रत्नाबाई म्हणते, एकाच कोपऱ्यात रोपं उपटून चारदा रोवणा केला, तिथलं धान उभंच झालं नाही. पुढच्या पिक्चरमध्ये बसून करायचं काम द्या. तुमचे बाबा, आमचे मामाजी, शेताच्या काठच्या धुऱ्यावरून नऊदा चालले. आता पानठेल्यावर रोज चालून दाखवतात. लाखांदूरले टूरिंग टॉकीज आली की दोन बैलबंड्या भरून माणसं नेणार आहेत. पिक्चर कधी लागते ते कळवा. आणि नऊदा काहून हो? एकदा चालून भागलं नसतं का?

धानाकडे नाही तरी जेवणाकडे लक्ष ठेवा.
तुमची वहिनी

पुणे, १९ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आधी हसून घ्या, मग वाचा. जाहिरातवाल्यांच्या रिळांची शेपटं उरतात, कुठे चाळीस फूट, कुठे साठ. ती मागून आणून मी पिक्चर करतो. चाळीस फूट म्हणजे जेमतेम एक मिनिट. म्हणून आठदा रिकाम्या कॅमेऱ्यापुढे तालीम आणि नवव्यांदा फिल्म.

पण बाबांच्या नवव्या वेळेआधीच, रत्नाबाईंच्या रोवण्यात, तुकडा संपला. बाबा इस्त्रीचं धोतर नेसून उभे होते. माझ्याने सांगवलं नाही. रिकामाच कॅमेरा घरघरत ठेवला. बाबा पिक्चरमध्ये नाहीत, वहिनी. तेवढं तुम्हीच सांगा. एक चाळीस फुटी तुकडा आहे, पण तो शेवटासाठी राखलाय, नायक गाव सोडतो त्यासाठी. दिवाळीला येतोच.

मारायचं तर तेव्हा मारा, माया तेवढी कमी करू नका.
खुशाल

दिघोरी, ६ नोव्हेंबर

प्रिय खुशालभाऊजींस,
नमस्कार, वि. वि.

मी सांगितलं तेव्हा मामाजी दोन दिवस पानठेल्यावर गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी मले विचारलं, की मंग एवढा वेळ मी पोट आत ओढून कायले धरलं होतं. मी हसली, तेही हसले.

दिवाळीले आलात आणि परवा तुम्ही तो राखलेला तुकडा त्यांच्यासाठी कॅमेऱ्यात लावला. दहा पावलं चालून ते धुऱ्यावरून खाली धानाच्या बांधीत उतरले, तुम्हाला वाटलं असेल पुढे चालायचं विसरले. तुम्ही गेल्यावर मी विचारलं. म्हणाले, पोराजवळ थोडकंच होतं, अर्धं त्याच्या शेवटाले उरू दे.

पण मी तुमच्या बाजूलेच होती. समोर नुसता धुरा होता आणि कॅमेरा चालूनच राहिला, सगळं संपेपर्यंत. काहून?

उत्तर मनातून लिहा.
वहिनी

पुणे, १४ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

विसरले असं वाटलं नाही मला. बाबा का उतरले ते तेव्हाच कळलं. मग कॅमेऱ्याच्या काचेतून काही दिसेना आणि बोट बटणावरून उठेना.

काल तो तुकडा लॅबमधून धुऊन आला. बाबा चालतात, उतरतात, मग वाऱ्याने हलणारं धान आणि रिकामा धुरा. नायकाचं जाणं आता लागत नाही. पिक्चर इथेच संपतं. बाबांना सांगा, त्यांनी उरवलेलं अर्धं शेवटाला कामी आलं. या वेळी खरं सांगतोय.

तुमचा,
खुशाल