बाबांचं तिसरं डोकं

ग्रोविक, १२ मार्च १९७३

चि. तोर्लाइव यास,
अ. आ. वि. वि.

तुझं डोकं पोचलं. म्हणजे तू कोरलेलं बाबांचं. किनाऱ्याच्या बोटीवरून ते ग्रॅनाइट उतरवायला चौघे लागले आणि चौघांनीही बाबांना शिव्या घातल्या. जुने दिवस आठवले.

डोळे गेल्यापासून आई सगळं बोटांनी तपासते, मी पुसलेली टेबलंसुद्धा. तिनं कपाळ चाचपलं, नाक चाचपलं आणि विचारलं, की ही कबर कुणाची, आणि कबरीला नाक कशाला. मी म्हटलं, अगं, तुझा नवरा आहे. तर म्हणाली, अनफिन असता तर एवढा वेळ गप्प बसला नसता.

मला विचारशील तर हा बिशप दिसतो. बाबा चर्चमध्ये जायचे ते छप्पर गळतंय का हे बघायला. धक्क्यावर बाबांचा पुतळा उभारणाऱ्या बंदर समितीच्या अध्यक्षांना मात्र डोकं पसंत आहे. वादळातून खलाशांना परत आणणारा वीर असाच हवा म्हणतात. त्यांनी बाबांच्या हाताखाली एक दिवसही काम केलेलं नाही.

वेळेवर जेवत जा. दगडाची धूळ पोटात जाते, त्याला जेवण म्हणत नाहीत. ताईचा लोभ आहेच, तो पायमोजे घालून टिकव.

तुझी,
बोर्गहिल्ड

बर्गन, २ एप्रिल १९७३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दगडात काम म्हणजे नको ते काढून टाकायचं. बाबांमधलं नको ते काढत गेलो आणि शेवटी बिशप उरला. यात छिन्नीचा काय दोष?

अध्यक्षांना सांग, की आईनं ओळखल्याशिवाय धक्क्यावरच्या पुतळ्याचं अनावरण होणार नाही. आजवर मी मंत्री कोरले, सेनापती कोरले. ते खरे कसे होते हे सांगायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून निभावलं. बाबांना ओळखणारी एक बाई अजून जिवंत आहे. तिच्या बोटांच्या परीक्षेत मी नापास झालो, तर बाकी सगळं काम रस्त्याच्या खडीत घालायला हरकत नाही.

आता लाकूड घेतो. माझ्याकडे बर्चचा जुना, वाळलेला ओंडका आहे. लाकूड उलट बोलतं. आपण डावीकडे जावं तर ते उजवीकडे ओढतं. बाबांशी जुळेल.

आईला नमस्कार. तुझी बोलणी अशीच चालू दे, त्याशिवाय घरचं पत्र आल्यासारखं वाटत नाही.

तुझा,
तोर्लाइव

ग्रोविक, २० जुलै १९७३

चि. तोर्लाइव यास,
अ. आ. वि. वि.

लाकडी डोकं मिळालं. भुवईवर गाठ आली आहे ती झकास. आई ते दुपारभर मांडीवर घेऊन बसली, गाल कुरवाळले, केस नीट केले. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी म्हणाली, की माणूस फार गोड आहे. हा बहुतेक अनफिनचा भाऊ, ज्याच्याशी खरं म्हणजे लग्न करायला हवं होतं. परत द्यायला तयार नाही. उशाशी घेऊन झोपते. या वयात!

लाकूड हाताला ऊब देतं, तिथंच बिघडलं. बाबांनी शेगडी सोडून कुणाला ऊब दिल्याचं मला आठवत नाही.

तू धातूला का भितोस? बाबांच्या बोटीचा पाण्यात फिरणारा पंखा गोदामात पडून आहे. चांगलं कांसं आहे. वितळव.

आई तुझी वाट बघते. मी बघत नाही, पण आलास तर मासा तळीन.

तुझी,
बोर्गहिल्ड

बर्गन, ५ ऑगस्ट १९७३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भितो, कारण मी मेणात घडवायचं आणि ओतणाऱ्यानं साच्यातून ते मेण वितळवून घालवायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. माझं बोट जिथं जिथं लागलं, तिथं आग. दगड भांडतो, लाकूड रुसतं, पण दोघं माझी दखल तरी घेतात. कांसं माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

हे लिहिलं आणि लक्षात आलं, की असा एक माणूस आपल्या घरातच होता.

पंखा पाठव. या वेळी बाबांमधलं काहीही काढणार नाही. खालचा ओठसुद्धा तसाच ठेवीन, आपण उशिरा घरी आल्यावर पुढे यायचा तसा.

मासा ठेव. मी येईन.

तुझा,
तोर्लाइव

ग्रोविक, २२ जानेवारी १९७४

चि. तोर्लाइव यास,
अ. आ. वि. वि.

तू म्हणालास येतो आणि बसलास वादळात अडकून. तेव्हा काय घडलं ते माझ्याकडूनच ऐक.

दोन महिन्यांच्या रात्रीनंतर काल सूर्य परत आला. शाळेला सुट्टी, सगळ्यांच्या हातात गोड पाव, अध्यक्षांच्या हातात भाषण. तुझा कांशाचा पुतळा रात्रभर धक्क्यावर थंडीत उभा होता. मी आईला हाताला धरून नेलं. आणि जी गोष्ट मी शाळेत प्रत्येक हिवाळ्यात, प्रत्येक वर्गाला, कान धरून शिकवली, तीच विसरले. आईनं हातमोजा काढला आणि उघडा तळहात बाबांच्या गालावर ठेवला.

चिकटला. गोठलेला धातू उघडी कातडी धरून ठेवतो.

गाव खोळंबलं. पाद्री म्हणाले प्रार्थना करू; मी म्हटलं गरम पाणी आणा. शेवटी अध्यक्षांच्या थर्मासमधली कोमट कॉफी बाबांच्या तोंडावर ओतली. एवढी कॉफी वाया गेलेली बाबांनी जिवंतपणी खपवून घेतली नसती.

आई मात्र ओरडली नाही, हात ओढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं तो खालचा ओठ चाचपला. मग सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की हा अनफिनच. थंडगार, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही.

तू पास झालास. समितीनं टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना कळलं नाही.

हाताला मलम लावलं आहे, काळजी नसावी. थोडी कातडी बाबांच्या गालावर राहिली. मी पुसायला फडकं घेऊन निघाले होते. आईनं बजावलं, की राहू दे, त्याला तेवढंच.

लाकडी डोकं तिनं काल रात्री उशाजवळून काढून माझ्या खोलीत पाठवलं. म्हणाली, आता घरात दोन पुरुष बरे दिसत नाहीत.

मासा तळून झाकून ठेवला आहे. लोभ असू दे, आणि येताना हातमोजे आण.

तुझी,
बोर्गहिल्ड