दुसरं हक्कसोडपत्र

बाबा, हडपसरचं घर विकलं. तुमच्या कानावर हे कुणी घालणार नाही, म्हणून मीच सांगते. लग्न मोडलं, घर विकलं, आलेल्या पैशांचे दोघांत सरळ दोन भाग केले. तुम्ही असतात तर हातातला पेपर खाली न ठेवता म्हणाला असतात, "छान. आता पेढे वाटू का?" वाटा. मला अजिबात वाईट वाटलेलं नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मी बॅग घेऊन तुमच्या दारात उभी राहिले होते, आठवतं? आई तेव्हा हयात नव्हती. तुम्ही स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवताय आणि मी दाराला टेकून सांगतेय, की यांनी मला न विचारता माझ्या ऑफिसात फोन केला, उद्यापासून ती येणार नाही म्हणून सांगितलं. तुम्ही गाळणं शोधताय. "चहा घे," म्हणालात, "मग सोडतो तुला." स्कूटर काढलीत, माझी बॅग पुढे पायाशी ठेवलीत. आम्ही भाड्याने राहायचो त्या इमारतीच्या फाटकापाशी मला उतरवलंत आणि म्हणालात, "मुलीचं घर एकच असतं. राहायला यायचं तर दिवाळीला ये." वर आला नाहीत. स्कूटर वळवलीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने ऑफिसला गेले आणि साहेबांना सांगितलं, कालचा फोन चुकीचा होता. यावर घरी काय झालं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

ती नोकरी टिकली, वाढली, पुढे हिंजवडीला गेली. घर घ्यायची वेळ आली तेव्हा यांच्या एकट्याच्या पगारावर कर्ज मिळेना, मग माझी नोकरी यांना एकाएकी आवडायला लागली. अशी कागदावर दोघांची नावं लागली. ओटा मी माझ्या उंचीचा करून घेतला, नेहमीपेक्षा चांगला वर. वास्तुशांतीला तुम्ही ओट्याकडे बघून म्हणालात, "सासूबाईंना स्टूलही घेऊन ठेवा." सगळे हसले. मीही हसले.

मग तुम्ही गेलात. दादाने हक्कसोडपत्र पुढे केलं, तुमच्या घरावर माझा काही हक्क नाही असं लिहून द्यायचं होतं. "बाबांची इच्छा होती," म्हणाला. असेलही. मी सही केली.

लेक कॉलेजात गेली आणि मी यांच्यापासून वेगळी झाले; आम्ही दोघी त्याच घरात राहिलो, हे दुसरीकडे राहायला गेले. कारण तुम्हाला त्या चहाच्या वेळीच सांगितलं होतं. नंतर त्यात नवीन काही आलं नाही, तेच वाढत गेलं. एका रविवारी हे दादाला बरोबर घेऊन आले. माझ्याच हॉलमध्ये माझाच भाऊ त्यांच्या बाजूच्या खुर्चीत बसला. कागद तयार होता. पुन्हा हक्कसोडपत्र.

"घर मला राहू दे," हे म्हणाले. "तुम्हा दोघींना कुठे एवढी जागा लागते?"

दादा म्हणाला, "बाबा असते तर त्यांनी तुला सही करायला लावली असती."

"लावली असती," मी म्हणाले. "पण ते नाहीत. मी आहे. घर विकायचं आणि निम्मं-निम्मं करायचं."

"लोक काय म्हणतील?"

"भाव चांगला आला, म्हणतील."

दादा चहा न घेताच उठला. तेव्हापासून त्याचं येणं-जाणं बंद आहे. यांनी वर्षभर ताणलं, आलेल्या गिऱ्हाइकांना पाण्याचा त्रास आहे म्हणून सांगितलं, आणि शेवटी वकिलांच्या चकरांना कंटाळून तयार झाले. घर घ्यायला यवतमाळकडचं एक जोडपं आलं, दोघंही आयटीतले. नवरा सगळं यांनाच विचारत होता. बायको माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, एवढं चांगलं घर विकून कशाला राहिले तुम्ही? काही दोष तर नाही ना?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "घरात काही दोष नाही. आमचं लग्न मोडलंय."

हे खिडकीकडे बघायला लागले. ती मुलगी सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभी राहिली, दोन्ही हात टेकवले. ती माझ्याएवढीच उंच होती. तिथूनच नवऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, हेच घेऊ!" बाबा, इतक्या वर्षांत त्या घरात ओट्यानंतर माझ्या मनासारखं झालेलं एवढंच, आणि ते माझ्या नवऱ्यासमोर झालं.

आता वाघोलीला घर घेतलंय. छोटं आहे. कागदावर एकटीचं नाव आहे, दारावरच्या पाटीवर माझं आणि लेकीचं. तुम्ही म्हणाला होतात, मुलीचं घर एकच असतं. ते हेच.

पत्र कुठे पाठवायचं नाहीच, तर राहिलेलंही सांगून टाकते. इथे आलो त्या आठवड्यात शेजारची म्हणाली, दोघीच राहता, दाराबाहेर पुरुषाच्या चपला ठेवत जा. मी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानदाराने माप विचारलं. माझ्या तोंडून तुमचंच माप गेलं.